पाऊच उलटं करून वाचा
घरचं मांजर : लेख सहावा

मागच्या आठवड्यात कोरड्या दाण्यांचा हिशोब मांडला. आज ओल्या खाण्याची पाळी. रत्नागिरीतल्या दुकानांत पत्र्याचे डबे मोजकेच दिसतात. फळीवर रांगेने लावलेली असतात ती सत्तर-पंच्याऐंशी ग्रॅमची पाऊच. दोन्हींत फरक वेष्टनाचा. माल भरून तोंड बंद करतात आणि मग साधारण १२१ अंशांवर दाबाखाली शिजवतात, म्हणून तो फ्रीजबाहेर दीड-दोन वर्षं टिकतो. तेव्हा या लेखात डबा म्हटलं काय आणि पाऊच म्हटलं काय, एकच.

मिरकरवाड्याला पहाटे बांगड्या-तारलीच्या टोपल्या उतरतात आणि गावातलं मांजर थायलंडचा ट्यूना खातं, यावर शेजारीपाजारी हसतात. हसू द्या, पण गोष्ट खरी आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या पाऊचच्या मागच्या बाजूला उत्पादनाचा देश बघा. व्हिस्कस, शेबा, मी-ओ, बेलोटा यांतल्या बऱ्याच पाकिटांवर थायलंड सापडेल. जगाला सर्वांत जास्त डबाबंद ट्यूना तोच देश विकतो. माणसांच्या डब्यात ट्यूनाचं पांढरं मांस जातं. त्याच माशाचं काळपट तांबडं मांस उग्र वासापायी बाजूला काढतात आणि ते मांजरांच्या पाऊचमध्ये भरतात. हा माल टाकाऊ नाही. लोह आणि टॉरीन त्यात पांढऱ्या मांसापेक्षा जास्तच असतं. आपल्या किनाऱ्यावरही मासळीवर कारखाने चालतात, पण त्यांची वाट वेगळी: राणी माशाची सुरिमी मिरजोळे एमआयडीसीतून परदेशी जाते, अगदी बारीक मासळी फिशमीलला जाते.

मग घरात रोज मासळी असताना पाऊचवर पैसे का घालवायचे? हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त ऐकू येतो आणि तो रास्त आहे. कोकणातली मांजरं पिढ्यान् पिढ्या भात कालवून दिलेल्या बांगड्याच्या डोक्यांवर वाढली. पण ती फक्त त्यावर वाढली नाहीत. माळ्यावरचे उंदीर, परड्यातले सरडे, क्वचित एखादं पाखरू असा त्यांचा स्वतःचा बाजार होता. उंदीर म्हणजे मांस, हाड, काळीज आणि पाणी, सगळं एकाच घासात. साळवी स्टॉपच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या भाटीला तो बाजार बंद आहे. तिच्या ताटलीत जे पडेल, तेवढंच तिचं जग. तिथे नुसता भात-बांगडा कमी पडतो: काटे काढलेल्या मासळीत कॅल्शियम पुरेसं नाही, तेलकट मासळी रोज दिली आणि ई जीवनसत्त्व कमी पडलं तर अंगातली चरबी सुजून दुखरी होते, आणि काही जातींच्या कच्च्या मासळीत थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकणारं विकर असतं. शिजवलं की ते विकर मरतं, म्हणून मांजराला द्यायची मासळी उकडूनच द्यावी. आमटीतली मासळी मात्र नको. तिच्यात कांदा-लसूण असतो आणि त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

आता टॉरीनविषयी, कारण चांगला डबा आणि नुसता चविष्ट डबा यांतला फरक समजायचा तर हीच गोष्ट पुरते. माणूस आणि कुत्रा आपल्याला लागणारं टॉरीन बहुतांशी शरीरातच बनवतात. मांजराला ते पुरेसं बनवता येत नाही. त्याला ते मांसातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा झिजतो, हे अमेरिकेत १९७५ साली कळलं होतं. कंपन्यांनी त्याप्रमाणे खाण्यात टॉरीन धरलं. तरीही मांजरं हृदय फुगून, ढिलं पडून मरतच होती. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या हृदयविकाराचं मूळही टॉरीनच्या कमतरतेत आहे, आणि ती मांजरं त्या काळच्या मानकात बसणारं, नामवंत कंपन्यांचं खाणं खात होती. टॉरीन वाढवून दिल्यावर कित्येकांची हृदयं पूर्ववत झाली. इतका जीवघेणा आजार आणि इतका स्वस्त उपाय असा योग पशुवैद्यकात क्वचित येतो.

डब्याचा यात खास संबंध आहे. डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने अन्नाची अशी काही घडण होते की मांजराच्या आतड्यातले जंतू टॉरीन जास्त खाऊन टाकतात. म्हणून अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या मानकात पाणी वजा करून उरणाऱ्या कोरड्या भागात टॉरीन किमान ०.१ टक्का हवं असं दाण्यांसाठी लिहिलं आहे, तर डब्यासाठी ०.२ टक्के, म्हणजे दुप्पट. थायमिनही त्याच उष्णतेत उडतं आणि कंपनीला ते वरून घालावं लागतं. घटकांच्या यादीत शेवटी शेवटी ‘टॉरीन’ आणि ‘थायमिन मोनोनायट्रेट’ अशी नावं दिसली तर रसायन म्हणून घाबरायचं नाही. ती दिसली नाहीत तर मात्र शंका घ्यायची.

तर पाऊच हातात घ्या आणि उलटं करा. पुढच्या बाजूचं चकाकणारं मांजर, लाल माशाचा फोटो, ‘रियल’ आणि ‘प्रीमियम’ हे शब्द यांचा खरेदीशी संबंध नाही. मागे बारीक अक्षरांत एक ओळ शोधायची. ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ किंवा ‘कम्प्लीट पेट फूड’ असं असेल तर ते खाणं एकट्याने पुरेसं व्हावं या हिशोबाने बनवलेलं आहे. ‘कॉम्प्लिमेंटरी’, ‘सप्लिमेंटल’ किंवा ‘ट्रीट’ असेल तर तो तोंडी लावायचा पदार्थ. गंमत अशी की दिसायला सर्वांत उत्तम, सोललेल्या माशाचे धागे पारदर्शक रश्श्यात तरंगताहेत अशी महाग पाकिटं पुष्कळदा दुसऱ्या गटातली असतात, आणि लगदा भरलेलं साधं पाऊच पहिल्या गटात. ग्राहकाला मासा दिसतो, म्हणून तो जास्त पैसे देतो. त्याच ओळीच्या आसपास वयही लिहिलेलं असतं: ‘अ‍ॅडल्ट’ असेल तर ते पिल्लाला आणि गाभण भाटीला पुरणार नाही, त्यांना ‘किटन’ किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’ हवं.

या ओळीवर विश्वास किती ठेवायचा, हा पुढचा प्रश्न. आपला अन्नसुरक्षा कायदा माणसाच्या अन्नापुरता आहे. पशुखाद्य त्याच्या व्याख्येतून वगळलेलं आहे, त्यामुळे एफएसएसएआय इथे कामाचं नाही. भारतीय मानक ब्युरोचं कुत्र्या-मांजरांच्या खाण्याचं मानक आहे, आयएस ११९६८, पण ते ऐच्छिक. म्हणून आफ्को किंवा युरोपातल्या फेडियाफ या संस्थेचं नाव घेऊन केलेलं विधान, बनवणाऱ्या कारखान्याचा पूर्ण पत्ता आणि आयात करणाऱ्याचं नाव या तीन गोष्टी एकाच पाकिटावर असतील तर मी ते घेण्याजोगं समजतो. नुसती ‘मार्केटेड बाय’ एवढीच ओळ असेल तर परत फळीवर.

प्रथिनांच्या आकड्यावर थोडं थांबायला हवं, कारण फसगत तिथेच होते. पाऊचवर प्रथिनं ८ टक्के आणि दाण्यांच्या पिशवीवर ३० टक्के बघून लोक म्हणतात, पाऊचमध्ये काही दम नाही. पण पाऊचमध्ये ८३-८५ टक्के पाणी असतं. ते बाजूला ठेवून हिशोब करायचा. पाणी ८४ टक्के, तर कोरडा भाग १६. त्या १६ मध्ये प्रथिनं ८, म्हणजे निम्मी. दाण्यांत पाणी १० टक्के, कोरडा भाग ९०, त्यात प्रथिनं ३०, म्हणजे एक तृतीयांश. पाऊच सरस ठरलं. आता या आकड्याचं दुसरं अंग: प्रयोगशाळेत प्रथिनं मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. नायट्रोजन कुठून आला हे त्या गुणाकाराला कळत नाही. २००७ साली याचा फटका उत्तर अमेरिकेला बसला. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये आकडा फुगवायला मेलामाइन मिसळलेलं निघालं. मूत्रपिंडं निकामी होऊन मांजरं आणि कुत्री मेली, आणि मेन्यू फूड्स या कंपनीला जवळपास ६ कोटी डबे आणि पाऊच परत घ्यावी लागली. एकच कारखाना स्वस्त आणि महाग अशा कितीतरी नावांचा माल भरत होता, हेही तेव्हाच लोकांना कळलं. म्हणून प्रथिनांच्या टक्क्याइतकंच यादीतलं पहिलं नाव महत्त्वाचं. ते मासा, कोंबडी किंवा काळीज असावं. गव्हाचं ग्लुटेन किंवा सोया तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर असेल तर चालवून घ्यावं. पहिल्या दोनांत असेल तर पैसे पिठाचे जाताहेत.

आता खिशाकडे येऊ. चार किलोच्या, घरातच राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या मांजराला दिवसाला २०० ते २४० कॅलरी लागतात. पंच्याऐंशी ग्रॅमच्या साध्या पाऊचमध्ये ५०-६० असतात. म्हणजे फक्त पाऊचवर मांजर ठेवायचं तर रोज चार. एक ४५ रुपयांना धरलं तर दिवसाचे १८० आणि महिन्याचे ५,४००. मध्यमवर्गीय घराला हे झेपणारं नाही आणि तशी गरजही नाही. तेच मांजर दाण्यांवर ठेवलं तर ५७-५८ ग्रॅम पुरतात; किलोचा भाव ४०० धरा, रोजचे तेवीस रुपये. इतका फरक कशाचा? पाण्याचा. पाऊच घेताना आपण पाणीच विकत घेतो.

पण ते पाणी फुकट जात नाही. मांजर हा मुळात कोरड्या मुलखातला प्राणी, त्याची तहान मंद. दाण्यांवरचं मांजर वाटीतलं पाणी पिऊन ती तूट पूर्ण भरून काढत नाही, लघवी घट्ट राहते, आणि बोक्याच्या अरुंद मूत्रमार्गात खडे किंवा चिकट बोळा अडकण्याची भीती वाढते. म्हणून माझा सल्ला मधला आहे: रोज एक ‘कम्प्लीट’ पाऊच, त्यात दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवून, आणि उरलेली भूक चाळीस-बेचाळीस ग्रॅम दाण्यांवर. खर्च रोज साठ-बासष्ट रुपये. घरची उकडलेली मासळी द्यायची तर बोटाच्या पेराएवढा तुकडा, दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत. उकडलेलं पाणी ओतून टाकू नका, टॉरीन त्यातच उतरलेलं असतं. तेच पाऊचमध्ये कालवा. मीठ-हळद न घालता उकडलेलं असलं म्हणजे झालं.

भावाची तुलना करताना पाऊचचा दर नको, ग्रॅमचा दर बघा. काही पाकिटं ८५ ग्रॅमची, काही ८०, काही ७०, आणि दिसायला सारखीच. दहा-बारा पाऊचचा खोका घेतला तर सहसा स्वस्त पडतो, पण नवीन चवीचा खोका पहिल्याच दिवशी आणू नका. मांजराच्या पसंतीत चवीइतकाच पोताचा भाग असतो. जेलीवर वाढलेलं मांजर ग्रेव्ही चाटून तुकडे तसेच ठेवतं. आधी दोन सुटी पाऊच आणून बघा.

दुकानात बोटांनी तपासायच्या गोष्टी थोड्या आहेत. फुगलेलं पाऊच किंवा डबा कितीही सवलतीत दिला तरी नको, आत जंतूंनी वायू केलेला असतो. डब्याला पोच आलेला असेल तर तो शिवणीवर आहे का बघा. मधल्या भागातला चालतो, कडेचा नाही. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पत्रा लवकर गंजतो, तेव्हा डब्याच्या झाकणाच्या कडेवरून नख फिरवून बघावं. घरी उघडलेलं पाऊच झाकणाच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये, आणि फार तर दोन दिवसांत संपवायचं. देताना गारढोण देऊ नका. मांजर वासावर जेवतं आणि गार खाण्याला वास येत नाही. डबा पाच मिनिटं गरम पाण्यात धरला की पुरे. मे महिन्याच्या उकाड्यात ताटलीत उरलेलं तासाभरात उचलायचं. मुंग्यांसाठी परातीत बोटभर पाणी घालून मध्ये वाटी ठेवायची, हे कोकणात कुणाला सांगायला नको.

एक गोष्ट जूनच्या आत करून ठेवा. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते, बाजारात मासळी कमी आणि महाग होते, आणि वर्षभर मासळीवर ठेवलेल्या मांजरापुढे लोक एके दिवशी अचानक पाऊच फोडून ठेवतात. मांजर वास घेतं, पंजाने जमीन खरवडून ते पुरल्यासारखं करतं आणि निघून जातं. ‘भूक लागली की खाईल’ हा नियम कुत्र्याला लागू पडेल, मांजराला लावू नका. दोन-तीन दिवस काहीच पोटात गेलं नाही तर मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचू लागते आणि ते दुखणं जिवावर बेततं. बदल आठ-दहा दिवसांत करायचा: पहिले दोन-तीन दिवस नेहमीच्या मासळीत चमचाभर पाऊच, मग निम्मं-निम्मं, मग उलट. पूर्ण दिवसभर मांजराने तोंड लावलं नाही तर जुन्या खाण्यावर परत या, आणि दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

बोक्याच्या लघवीचा उल्लेख वर घाईत उरकला आहे. पुढच्या लेखात तोच विषय सविस्तर: तुंबलेली लघवी कशी ओळखायची आणि रात्री दवाखाना बंद असताना सकाळपर्यंत थांबणं का चालत नाही. तोवर कुणाचा बोका मातीच्या ट्रेमध्ये वारंवार बसून थेंबही न टाकता उठत असेल, तर त्यांनी लेखाची वाट बघू नये, थेट डॉक्टरांना फोन करावा.