दोन घाटांच्या नाक्यावर

कल्याण जंक्शनवर सगळे इंडिकेटरकडे बघतात, मी इंजिनाकडे बघते. शाळा लवकर सुटली की शनिवारची दुपार माझी याच फलाटावर जाते. पास असल्यामुळे प्लॅटफॉर्म तिकिटाची कटकट नाही. ते दोनच तास चालतं, आणि दोन तासांत काय बघून होणार? रविवारी मात्र मी येत नाही. मेगाब्लॉक असला की फास्ट गाड्या स्लो मार्गावरून धावतात आणि बघणाऱ्याचे सगळे अंदाज कोलमडतात.

१८५३ साली पहिली प्रवासी गाडी ठाण्यापर्यंत आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. पुढे सह्याद्री आडवा. म्हणून इथे रस्ता फुटतो: एक फाटा कसाऱ्याहून थळघाट चढून इगतपुरीला, दुसरा कर्जतहून बोरघाट चढून लोणावळ्याला. इंडिकेटरवर कसारा लोकलला ‘एन’ आणि कर्जत लोकलला ‘एस’ का, हे कोडं इथेच सुटतं. एक उत्तरेकडे वळते, दुसरी दक्षिणेकडे.

दोन्ही घाटांत चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढलेली असते. रस्त्यावरच्या गाडीला हे किरकोळ. लोखंडी रुळावर लोखंडी चाक असताना ते भलतंच अवघड. म्हणून लांब पल्ल्याच्या गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. नाशिककडच्या गाडीला ती कसाऱ्याला जोडतात, पुण्याकडच्या गाडीला कर्जतला. (कर्जतला गाडी थांबते ती वड्यासाठी नव्हे!) वंदे भारतला बँकर लागत नाही, कारण तिच्या मोटारी डब्यांखाली वाटलेल्या असतात. २०२३ मध्ये एकाच दिवशी दोन वंदे भारत सुरू झाल्या, एक शिर्डीची, एक सोलापूरची. दोघी इथवर एकाच वाटेने येतात आणि वेगवेगळा घाट धरतात. मला ही जोडी फार आवडते.

वही उघडून आकडे टिपताना पाहून शेजारच्या काकांनी परवा विचारलं, “मॅडम, रेल्वेत का?” नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपला. पण इंजिन वाचायला सोपं असतं. ‘डब्ल्यूएपी ७’ मध्ये डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज, पी म्हणजे प्रवासी गाडीसाठी. ‘पी’च्या जागी ‘जी’ असेल तर मालगाडीचं. अंगावर शेडचं नाव असतं: कल्याण, अजनी, भुसावळ. पूर्वी मुंबईकडे तारांत १५०० व्होल्ट डीसी होतं आणि इगतपुरीपलीकडे २५,००० व्होल्ट एसी, त्यामुळे तिथे इंजिन बदलायचं. मग दोन्हीवर चालणारी इंजिनं आली. २०१५ पर्यंत मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचं डीसी संपलं आणि त्या दुहेरी इंजिनांची खरी गरजही संपली. त्यांच्याबद्दल मला अजून वाईट वाटतं.

लोकल पत्रीपुलाजवळ रखडली की डब्यात शिव्या सुरू होतात. फलाटावरून कारण दिसतं: एका फाट्याहून दुसऱ्या मार्गावर जाणारी मेल किंवा मालगाडी लोकलचे रूळ ओलांडत असते, आणि ती पूर्ण पार होईपर्यंत लोकलला सिग्नल मिळत नाही. पूर्ण पार झाली हे ओळखायची जुनी खूण म्हणजे शेवटच्या डब्यावरची मोठी फुली. फुली दिसली नाही, तर मागचे डबे सुटून वाटेत राहिल्याची शंका घ्यायची. नव्याने गाड्या बघणाऱ्याला मी इंजिनाआधी ही फुली बघायला सांगते.

सहाच्या आसपास डेक्कन क्वीन न थांबता जाते, हिरवी-लाल, मधला डायनिंग कार ओळखू यावा इतपत वेगात. तिच्यापाठोपाठ ऑफिसं सुटल्याची गर्दी येते. त्या गर्दीत उभं राहून वही उघडली, तर लोक तुम्हाला उचलून थेट जिन्यावर नेऊन ठेवतात, म्हणून मी तिची शेवटची फुली बघते आणि लगेच रिक्षा स्टँड गाठते.