मिसिसिपीचे मतदार

एखाद्या प्रांतांत कोणत्या वर्णाचे किती लोक राहतात हें शिरगणती सांगते. त्यांपैकीं मतदार कोण, हें मात्र कायदा ठरवितो. या दोहोंत केवढें अंतर पडूं शकतें, तें अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी संस्थानांत पाहावें.

१८९० सालीं तेथील शेंकडा ५७ हून अधिक लोक कृष्णवर्णीय होते. वर्णावरून मताधिकार नाकारण्यास संघराज्याच्या घटनेची मनाई. म्हणून त्या वर्षींच्या संस्थानी घटनेंतील मताधिकाराच्या अटींत वर्णाचा शब्दच काढला नाहीं. दरसाल २ डॉलर डोईपट्टी भरावी, आणि घटनेचें कलम वाचावें अथवा ऐकून त्याचा अर्थ सांगावा, एवढीच अट! अर्थ पटला कीं नाहीं हें ठरविणारा नोंदणी-अधिकारी मात्र गोरा. १९६४ सालींहि मतदानाचें वय झालेल्या शंभर कृष्णवर्णीयांत सातांचीसुद्धां नोंद नव्हती.

१९६५ च्या मताधिकार कायद्यानें ही परीक्षा बंद पाडली, आणि १९६७ पर्यंत ती नोंद शेंकडा ६० च्या घरांत गेली. परंतु दरम्यान लोकसंख्येचें प्रमाणच पालटलें होतें. लक्षावधि कृष्णवर्णीय शिकागोसारख्या उत्तरेकडील शहरांत निघून गेले होते. २०२० च्या शिरगणतींत त्यांचें प्रमाण शेंकडा ३७ च्या सुमारास भरलें.

जुन्या घटनेचा एक अवशेष मात्र उरला. चोरी, बनावट दस्तऐवज, लांचलुचपत अशा गुन्ह्यांत दोषी ठरलेल्याचा मताधिकार जन्मभर जातो. या गुन्ह्यांकडे कृष्णवर्णीयांचाच ओढा असतो, असा त्या घटनाकारांचा समज होता. खुनाचा समावेश यादींत १९६८ पर्यंत नव्हता! २०२४ सालीं केंद्रीय अपील न्यायालयानें ही तरतूद कायम ठेवली.