ऑर्किडला पानं येतात, मग फुलं का नाही?

आजचा भाग आमच्या हॉलमधल्या एका कुंडीबद्दल.

आधीच्या कंपनीतून निघताना टीमने मला फॅलेनॉप्सिस दिलं होतं. नर्सरीत सर्रास दिसतं ते, पतंगासारख्या फुलांचं ऑर्किड. फुलं दोनेक महिने टिकली, मग गळाली. पुढची दोन वर्षं नुसती पानं! आई म्हणाली, "अरे, टाकून दे आता. त्या जागेत तुळस तरी लावू."

मी खतं बदलली, पाणी वाढवलं. म्हणजे एरर न वाचताच कोड बदलत बसलो. पानं गडद हिरवी होती, आणि गंमत म्हणजे तीच तक्रार होती: उजेड कमी पडतोय. पुरेसा उजेड मिळाला की पानं जरा पोपटी दिसतात.

दुसरं कारण गारवा. या झाडाला फुलांचा दांडा फुटायला काही आठवडे २५ अंशांच्या खालचं तापमान लागतं. सतत २८च्या वर राहिलं तर ते फक्त पानं काढत बसतं. आमची कुंडी खिडकीपासून लांब, टीव्हीशेजारी, बंद हॉलमध्ये. हिवाळा आलेला तिला कळणार कसा?

मग नोव्हेंबरात ती पूर्वेच्या खिडकीत ठेवली. कोवळं ऊन चालतं, दुपारचं नाही, पानं भाजतात. पुण्यात रात्री आपोआप गार होतात, पण पारा १२-१३च्या खाली जाणार असेल तर कुंडी आत घ्या. मुंबई-कोकणवाल्यांनो, तुमच्याकडे डिसेंबर-जानेवारीच काय ती संधी, ती सोडू नका.

पाण्याचं विचाराल तर मुळं बघा. चंदेरी दिसली की द्या, हिरवी असतील तर थांबा. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी जशी झाडाच्या खोडावर वाढते, तसंच हेही मूळचं झाडांवरचं. त्यामुळे माती नकोच. सालीचे तुकडे, कोळसा, भरपूर हवा. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर टिपून घ्या, नाहीतर गाभा कुजतो.

जानेवारीत पानाखालून हिरवं टोक आलं. मूळ असेल तर टोक गोल, चकचकीत. दांड्याचं टोक जरा चपटं, बोटमोज्यासारखं. हा दांडाच होता! कळ्या उमलेपर्यंत आणखी दोन-तीन महिने जातात. तोवर कुंडी सारखी फिरवू नका, दांडा उजेडाकडे वळत वाकडातिकडा होतो.

फुलं गळाल्यावर दांडा हिरवा असेल तर मुळापासून छाटू नका. खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापा, तिथून कधीकधी पुन्हा फांदी फुटते. तुळशीला आम्ही दुसरी जागा शोधलीये.