ऋण घातांकाचा अपूर्णांक सोपा कसा करायचा? पाण्याच्या टाकीवरून समजून घ्या

(अ⁻¹ + ब⁻¹)⁻¹ याचं सोपं रूप काय? पटकन सुचणारं उत्तर आहे अ + ब, आणि ते चूक आहे. का, ते पाहूया.

ऋण घातांक म्हणजे काय?

घातांक ऋण असला म्हणून संख्या ऋण होत नाही. 2³ = 8, 2² = 4, 2¹ = 2. घातांक 1 ने कमी झाला की किंमत निम्मी होते. असंच पुढे गेलं की 2⁰ = 1, 2⁻¹ = 1/2, 2⁻² = 1/4. म्हणजे ऋण घातांक संख्येला उलटवतो : अ⁻¹ = 1/अ. फक्त अ शून्य नको.

गुणाकार असेल तर

(अ⁻² × ब³) / (अ × ब⁻¹) हे उदाहरण घ्या. अपूर्णांकाची रेषा ओलांडली की घातांकाचं चिन्ह बदलतं. अ⁻² छेदात जाऊन अ² होतो, ब⁻¹ अंशात येऊन ब होतो. उत्तर : ब⁴/अ³.

बेरीज असेल तर?

इथे ही युक्ती चालत नाही. वसई-विरारमधल्या एखाद्या सोसायटीची टाकी डोळ्यांसमोर आणा. समजा, ती पालिकेच्या नळाने 6 तासांत भरते आणि बोअरवेलच्या पंपाने 3 तासांत. दोन्ही एकदम सुरू केले तर किती वेळ लागेल?

नळ तासाला 6⁻¹ म्हणजे 1/6 टाकी भरतो, पंप 3⁻¹ म्हणजे 1/3. दोघं मिळून तासाला 1/6 + 1/3 = 1/2 टाकी. म्हणजे पूर्ण टाकीला 2 तास. हीच (6⁻¹ + 3⁻¹)⁻¹ ची किंमत.

अ + ब हे उत्तर धरलं, तर 9 तास येतात. म्हणजे पंप एकटा 3 तासांत टाकी भरतो, पण जोडीला नळ सोडला की 9 तास लागतात! हे शक्यच नाही.

योग्य पद्धत

1. आधी ऋण घातांक काढा : 1/अ + 1/ब
2. छेद समान करून बेरीज करा : (अ + ब)/अब
3. शेवटी कंसाबाहेरच्या ⁻¹ साठी अपूर्णांक उलटवा : अब/(अ + ब)

ताळा : 6 × 3 = 18, 6 + 3 = 9 आणि 18/9 = 2. अट एवढीच, की अ + ब शून्य नसावं.

विज्ञानात समांतर जोडलेल्या दोन रोधांचा परिणामी रोधही याच सूत्राने निघतो.

थोडक्यात, गुणाकारातला घटक थेट रेषेपलीकडे नेता येतो, बेरजेतलं पद नाही. शंका आली, तर अक्षरांच्या जागी छोट्या संख्या ठेवून पाहा.