खोक्याची कर्रकर्र

शनिवारी संध्याकाळी एडिटर मंडळी घरी गेली आणि आम्ही रॅक उघडला. पुण्यातला स्टुडिओ, कामं लग्नांच्या व्हिडिओ-फोटोंची. तक्रार एकच: "सर्व्हरवरचं काही पटकन उघडत नाही." उपाय म्हणून मालकांनी 10 गिगचा स्विच आधीच आणून ठेवला होता.

जुना स्विच काढण्यापूर्वी मी दोन फोल्डर निवडले. एकात 60 जीबीची व्हिडिओ फाइल. दुसऱ्यात फोटोंचे 40 हजार बारके प्रिव्ह्यू, सगळे मिळून जेमतेम 800 एमबी. 1 गिगवर दोन्हींना कॉपी व्हायला नऊ-नऊ मिनिटं लागली.

स्विच बदलला. व्हिडिओचा वेग तोच, सेकंदाला 112 एमबी. मालकांचा चेहरा पडला. कॉम्प्युटरमधलं नेटवर्क कार्ड अजून 1 गिगचंच होतं! ते बदललं, नेटवर्कचा वेग मोजणारं आयपर्फ चालवलं: सेकंदाला 9.4 गिगाबिट. व्हिडिओ दोन मिनिटांच्या आत उतरला. मग प्रिव्ह्यू लावले. सर्व्हर रीस्टार्ट करूनच, कॅशची मेहेरबानी नको म्हणून. साडेआठ मिनिटं.

"आता काय बिघडलं?"

"काही नाही. जरा खोक्याला कान लावा."

व्हिडिओ वाचताना स्टोरेजचं खोकं संथ घुमत होतं. आता आतून अडकित्त्यानं सुपारी कातरल्यासारखी कर्रकर्र येत होती. 7200 आरपीएमच्या डिस्कला एका फेरीला 8.3 मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, आणि त्याआधी हेड तिथवर न्यायचं ते वेगळंच. विखुरलेल्या बारक्या फाइली वाचताना एक डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपास दमते. 1500 बाइटचं पॅकेट तारेवर सोडायला 1 गिगवर 12 मायक्रोसेकंद लागतात, 10 गिगवर 1.2. डिस्क मात्र एकेका फाइलीमागे हजारो मायक्रोसेकंद खाते. त्यात पॅकेटमागची ही अकराची बचत कुठे दिसणार?

प्रिव्ह्यू एसएसडीवर हलवले. दीड मिनिट. गंमत म्हणून तोच कॉम्प्युटर पुन्हा जुन्या स्विचला जोडला. फरक सात-आठ सेकंदांचा.

मालक दोन्ही स्विचकडे बघत राहिले. "म्हणजे हा घ्यायलाच नको होता?"

"व्हिडिओसाठी हवाच होता. पण तुमचे एडिटर दिवसभर काय उघडतात?"

"प्रिव्ह्यू," ते म्हणाले, आणि वाकून पुन्हा खोक्याला कान लावला.