भावंडांची ताटातूट आणि पोटदुखी

काही वर्षांपूर्वी माझ्या कंधारच्या दवाखान्यात एका वसतिगृहाचे काळजीवाहक आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. तक्रारी दोन होत्या. पोट सारखे दुखते आणि रात्री अंथरूण ओले होते. ही सवय पूर्वी सुटली होती, ती पुन्हा सुरू झाली होती.

लघवी तपासली, रक्तातील साखर पाहिली, जंताचे औषध दिले. दोष सापडला नाही. सहज विचारले, "बाळा, घरी कोण कोण असतं?" तो म्हणाला, "ताई हाय. पण ती दुसरीकडं असती." आईवडील गेल्यावर बारा वर्षांची ताई मुलींच्या बालगृहात गेली होती. दिवाळीपासून दोघांची भेट नव्हती.

आईबाप नसलेल्या मुलाला भावंड हेच घर असते. ते तुटले की मूल तोंडाने बोलत नाही, शरीराने बोलते. पोट किंवा डोके दुखते, भूक मंदावते, झोपेत दचकते. अशा मुलाला रागावले, चारचौघांत हिणवले तर त्रास वाढतो. थोरल्या भावंडाचेही हाल कमी नसतात. धाकटा जेवला असेल का, या काळजीने त्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर अनाथ मुलांसाठी नळदुर्गला 'आपलं घर' उभे राहिले. भारतीय जैन संघटनेने अनेक मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. अनाथांची सोय लावणे म्हणजे काय, हे आपल्या भागाने पाहिले आहे. ती सोय लावताना भावंडांचाही विचार हवा. बालन्याय कायदा, २०१५ सांगतो की, मुले संगोपनासाठी कुटुंबात देताना, हिताला बाधा येत नसेल तर भावंडांना एकत्र ठेवण्याचा सर्व प्रयत्न करावा. बालगृहात मात्र मोठी मुले व मुली वेगळी राहतात. तेथे पुढील गोष्टी पाळाव्यात:

१) भेटीचा वार ठरवून तो चुकवू नये.
२) मधल्या काळात फोनवर बोलू द्यावे, एकमेकांचा फोटो जवळ असू द्यावा.
३) भेट बंद करणे ही शिक्षा कधीही देऊ नये.
४) अंथरूण पुन्हा ओले होऊ लागल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे, मग मनाचे कारण शोधावे.

त्या मुलाची दर पंधरा दिवसांनी ताईशी भेट सुरू झाली. दोन-तीन महिन्यांत अंथरूण कोरडे राहू लागले.

नातेवाइकांना एक विनंती. एक मूल मामाकडे, एक काकाकडे अशी वाटणी शक्यतो करू नका. खर्चाची अडचण असेल तर शासनाच्या बालसंगोपन योजनेची चौकशी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करा. अडचणीतील मुलांसाठी १०९८ हा मोफत क्रमांक आहे.