ऐतिहासिक सेवा जलाशय आणि नागरी पाणीपुरवठा : मुंबईतील मलबार टेकडी जलाशयाच्या संदर्भात

प्रस्तावना

नागरी पाणीपुरवठ्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा धरणांकडे व तलावांकडे जाते. मुंबईच्या बाबतीत विहार (1860), तुळशी (1879) आणि तानसा (1892) हा क्रम सर्वपरिचित आहे. परंतु तलावातील पाणी ज्या टप्प्यावरून नळापर्यंत पोहोचते, तो सेवा जलाशय मात्र दुर्लक्षित राहतो. 1887 मध्ये बांधलेल्या मलबार टेकडीवरील जलाशयाच्या आधारे प्रस्तुत लेखात त्याचे कार्य स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

सेवा जलाशयाचे कार्य

तलाव पावसाळ्याचे पाणी वर्षभरासाठी साठवितो; सेवा जलाशय केवळ काही तासांसाठी. मुख्य जलवाहिनीतून पाणी दिवसरात्र जवळपास एकाच गतीने येते, मागणी मात्र सकाळी व सायंकाळी एकवटते. रात्रीचे शिल्लक पाणी धरून ठेवून सकाळी देणे हे जलाशयाचे पहिले काम होय. दुसरे काम दाबाचे. 10 मीटर उंचीचा जलस्तंभ प्रति चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोग्रॅम दाब निर्माण करतो. त्यामुळे उंचावर साठविलेले पाणी पंपाविना खालच्या वस्तीत पोहोचते.

याच तत्त्वावर एकोणिसाव्या शतकातील अभियंत्यांनी मुंबईच्या टेकड्यांचा उपयोग केला. विहारचे पाणी माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर, तर तुळशीचे मलबार टेकडीवर आणले गेले. ही विभागणी सहेतुक होती. तुळशीची पूर्ण संचय पातळी विहारपेक्षा सुमारे 59 मीटरने अधिक आहे. साहजिकच उंच टेकडीवर स्वतःच्या दाबाने चढण्याचे सामर्थ्य तुळशीच्या पाण्यात अधिक होते. तलाव ते नळ असा हा संपूर्ण प्रवास गुरुत्वाकर्षणाने घडावा, ही योजना आजच्या वीजखर्चाच्या काळात विशेष विचारार्ह वाटते.

जलाशयाच्या छतावर मातीचा थर देऊन उद्यान केले गेले. तेच फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘हँगिंग गार्डन’ (प्रत्यक्षात तेथे लोंबकळणारे काहीही नाही). अशा आच्छादनामुळे पाण्यावर ऊन पडत नाही, शेवाळ धरत नाही व वरून घाण पडण्याचा धोका टळतो.

खंडित पुरवठा आणि दुरुस्तीचा प्रश्न

मुंबईत आज पाणी विभागवार, ठरावीक वेळी सोडले जाते. चावीवाले झडपा उघडतात, जलाशय वेळापत्रकानुसार भरतो व रिकामा होतो. नागरिकांच्या मागणीतील चढउतार आता इमारतींच्या टाक्या सोसतात. म्हणजे जलाशयाचे मूळ संतुलनाचे काम अंशतः खासगी टाक्यांकडे गेले असून त्याच्याकडे मुख्यतः वाटपाचे काम उरले आहे. सुमारे 14.7 कोटी लिटर क्षमतेच्या या जलाशयास एक दिवसाचीही खरी विश्रांती नसते.

म्हणूनच दुरुस्ती अवघड ठरते. महानगरपालिकेने सुमारे 698 कोटी रुपये खर्चाचा पुनर्बांधणीचा प्रस्ताव पुढे आणला, तेव्हा 389 झाडांना बाधा पोहोचणार असल्याने 2023 मध्ये नागरिकांचा तीव्र विरोध झाला. त्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीतील मुंबई आयआयटीच्या प्राध्यापकांनी पुनर्बांधणी आवश्यक नसून टप्प्याटप्प्याने दुरुस्ती शक्य असल्याचे मत दिले; समितीत मात्र एकमत झाले नाही.

या वादात वृक्ष आणि बांधकामाचे वय यांचीच चर्चा अधिक झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते निर्णायक मुद्दा कप्प्यांचा आहे. जलाशय पाच कप्प्यांत विभागलेला असल्याने एक कप्पा रिकामा करून उर्वरित कप्प्यांवर पुरवठा चालविता येतो. परंतु उरलेल्या कप्प्यांत त्या वेळेपुरते पुरेसे पाणी बसते काय, हे बांधकामाच्या मजबुतीवर नव्हे, तर पाणी सोडण्याच्या वेळापत्रकावर अवलंबून असते. समितीच्या पाहणीसाठी कप्पा रिकामा करावयाचा झाला, तेव्हाही दक्षिण मुंबईच्या काही भागांत पाणीकपात करावी लागली होती.